गाडीच्या पोटातलं वारं

"पोरगी बोलत न्हाई, पर ऐकती समदं. असल्या मानसापुढं गाडीनंबी जपून ऱ्हावं."

हे माझ्याबद्दल होतं. मला ते ऐकू जाऊ नये अशी बोलणाऱ्याची इच्छा होती, पण त्याचं डोकं बॉनेटखाली होतं आणि बॉनेटखाली बोललेलं बाहेर दुप्पट ऐकू येतं. समोरचा हॉटेलवाला चहाची किटली घेऊन आला होता, तो माझ्याकडे बघून ओशाळला. मी लिंबाखालच्या बाकावर पुस्तक घेऊन बसले होते. मी पान उलटलं.

बॉनेटखालचे गृहस्थ म्हणजे हवालदार. कोरेगावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. वीस वर्षं सैन्यात ट्रक दुरुस्त करून ते परत आले होते. मूळचे कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. नोकरी संपल्यावर माळावर न जाता त्यांनी आमच्याकडे साताऱ्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "हितं पानी हाय. मेंढराला काय आन गाडीला काय, पानी लागतंच."

गाड्यांबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान सैन्यातलं आणि सगळी भाषा मेंढरांची. बॅटरी उतरली की गाडी 'मलूल' व्हायची. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला की तिच्या 'घशात कुसळ' अडकलेलं असायचं. विहिरीचं जड पाणी ते रेडिएटरला कधीच देत नसत. शेडच्या पन्हाळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी साठवलेलं असे आणि तेही धोतराच्या दुपदरी फडक्यातून गाळून घेत. "मानसाला मुतखडा हुतो न्हवं? मग हिला का न्हाई हुनार?" असं म्हणताना माझ्याकडे लक्ष गेलं की ते जीभ चावत आणि दुसऱ्या विषयावर जात.

शेडच्या मागे त्यांनी मातीचा आणि दगडांचा एक उतार रचला होता. गाडीची पुढची दोन चाकं वर आणि मागची दोन खाली, अशी ती तिथे उभी राही. नवखा माणूस हसायचा. हवालदार समजावून सांगत, आणि समजावताना हातातलं काम सोडून देत, मग ते काम कितीही निकडीचं असो.

"हिरवा लसूणघास खाल्ला की मेंढराचं पोट फुगतंय. वारं धरतं. तवा काय करायचं? त्येचं म्होरचं पाय दगडावर चढवायचं. तोंडात लिंबाची काडी आडवी धरायची, म्हंजी त्ये चावत ऱ्हातंय आन वारं तोंडावाटं भाईर येतं. आन डावी कूस चोळायची. ध्येनात ठेवा, डावी. वारं कवाबी डाव्या कुशीत बसतं. उजवी चोळत बसला तर मेंढरू हातातनं गेलं."

गाडीलाही ते तसंच करत. पाणी बदलताना इंजिनच्या पोटात हवा राहिली की पाणी फिरायचं थांबतं आणि गाडी उकळते. म्हणून आधी तिला उतारावर चढवायची, तोंड वर करून. झाकण उघडं ठेवायचं. इंजिन जरा वेगात चालू राहावं म्हणून ॲक्सिलरेटरच्या दांडीत लिंबाची काडी खोचायची, आणि ती लिंबाचीच हवी. मग तांब्याने थोडं थोडं पाणी पाजायचं. एका हाताने खालचा रबरी पाईप दाबायचा, सोडायचा, दाबायचा. थोड्या वेळाने उघड्या तोंडातून बुडबुडे येत. पहिला मोठा बुडबुडा फुटला की हवालदार म्हणत, "ढेकर दिला!" आणि मगच चहा घेत. तोवर हॉटेलवाल्याने किटली घेऊन उभं राहायचं, असा तिथला नियम होता.

हे सगळं चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "बोलू नगा. बुडबुडा लाजतोय." त्यामुळे माझं आणि त्यांचं जमलं.

मी त्या वर्षी पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून अकरा वर्षांनी घरी आले होते. कॉलेज सुरू व्हायला दोन महिने होते. माझं मराठी क्रमिक पुस्तकातलं होतं. आल्या आल्या शेडमध्ये मी एकदाच तोंड उघडलं. "वाहन अतिशय तापलेलं आहे का?" असं काहीसं मी विचारलं आणि हॉटेलवाला म्हणाला, "थांबा थांबा, बातम्या लागल्या! आता हवामान सांगतील." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, आज मलाही हसू येतं. पण त्यानंतर मी तिथे मान हलवून बोलू लागले. एकटे हवालदार हसले नव्हते. त्यांनी खिशातून फडकं काढून बाक पुसला आणि म्हणाले, "बसा ताईसाब. हितं कुनीबी न बोललं तरी चालतंय."

तिथे जायचं कारण म्हणजे आमची गाडी. काळी, विलायती, मागच्या चाकांवर झालर असल्यासारखा पत्रा असलेली. आजोबांनी ती देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. तिच्याबरोबर तिचं एक जाड इंग्रजी पुस्तकही आलं होतं. कुठला पेच कुठे आणि कसा, ते सगळं त्यात होतं. हे पुस्तक हवालदारांनी आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मागून घेतलं होतं. ट्रंकेत लाल फडक्यात बांधून ठेवलेलं असे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते चित्रं बघत आणि चित्रांवर बोट फिरवत.

मला इंग्रजी येतं हे कळल्यावर त्यांनी ते फडकं सोडून माझ्यापुढे ठेवलं.

"वाचा."

मी मराठीत सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "मराठी नगं. जसं लिवलंय तसंच वाचा. आवाजावरनं कळतंय मला."

मग रोज दुपारी मी त्या गाडीचं पुस्तक मोठ्याने इंग्रजीत वाचू लागले. हवालदार डोळे मिटून, मांडी घालून ऐकत. मधेच 'रेडिएटर' किंवा 'वॉटर पंप' असा ओळखीचा शब्द आला की मान डोलवून "हां" म्हणत. हॉटेलवाला म्हणायचा, "पोथी लागली गड्या." या दुपारी मला आवडत. मला तिथे कुणी हसत नव्हतं, कारण कुणाला काही कळतच नव्हतं.

हवालदारांचं निदान सहसा चुकत नसे. चुकलं तर मात्र ते स्वतःला शिक्षा करत, आणि काय शिक्षा हे आधीच चारचौघांत सांगून ठेवलेलं असे. एका ट्रकचा गिअरबॉक्स गेलाय असं त्यांनी छातीठोक सांगितलं आणि निघाली साधी क्लचप्लेट. त्या दिवसापासून चहातली साखर बंद झाली. मी त्यांना बघू लागले तेव्हा त्याला सात वर्षं होऊन गेली होती, तरी पहिल्या घोटाला त्यांचं तोंड रोज नव्याने वाकडं व्हायचं. पुढे एका जीपपायी मिशी गेली. हॉटेलवाला सांगायचा की ती मिशी बघायला लोक यायचे. जीपवाल्याने दहा वेळा विनवलं, अहो राहू द्या, माणूसच चुकतो. हवालदार सरळ न्हाव्याकडे गेले आणि पुन्हा कधी त्यांनी ती वाढवली नाही.

"आता काय लावनार पैजंला?" हॉटेलवाला एकदा म्हणाला. "डोसक्यावर केसबी ऱ्हायलं न्हाईत."

"पाना हाय की," हवालदार म्हणाले.

तो पाना म्हणजे सैन्यातून निघताना त्यांच्या साहेबाने हातात दिलेला. तो ते कुणाला उसना देत नसत आणि दिवसाअखेर स्वतःच्या टॉवेलने पुसत. शेडमध्ये बाकीची हत्यारं खाली एका डब्यात असत आणि पाना भिंतीवर, खिळ्याला.

त्या मे महिन्यात आमच्या गाडीचा रबरी पाईप फुटला. हवालदारांनी सगळं पाणी काढलं आणि सगळे पाईप बदलले. इंजिनच्या मागे डाव्या अंगाला हीटरची एक पितळी तोटी होती. थंड देशातली गाडी, तिला गरम वाऱ्याची पेटी होतीच. ती पेटीही त्यांनी रिकामी केली, नळ्या पुन्हा जोडल्या, आणि मग तोटी बंद करून तिच्यावर तारेचे चार वेढे घट्ट आवळले.

"मालक, मे म्हैन्यात हीटर! पाय भाजून घ्यायचं हाईत काय?" ते आबांना म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. आबाही हसले. आमच्याकडे हीटर कधी कुणी लावला होता?

गाडी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघाली आणि पाच मैलांवर उकळली.

हवालदारांनी ती उतारावर चढवली. काडी, तांब्या, पाईप दाबणं, सगळं झालं. ढेकर आला. तिसऱ्या दिवशी गाडी सात मैलांवर उकळली. पुन्हा उतार, पुन्हा ढेकर. या वेळी आठ मैल.

त्याच आठवड्यात पुस्तक वाचता वाचता आम्ही पाणी भरण्याच्या प्रकरणावर आलो. शेवटी एक ओळ होती. पाणी भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी, नाहीतर हीटरच्या पेटीत अडकलेली हवा नंतर पंपात ओढली जाते आणि पाणी फिरेनासं होतं. मी ती ओळ इंग्रजीत वाचली. हवालदार डोळे मिटून "हां" म्हणाले.

मी थांबले. त्यांना कळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. शेडमध्ये हॉटेलवाला होता, एसटी डेपोतले दोघे होते. तुम्हीच बांधलेली तार तुम्हाला नडते आहे, हे त्यांच्यादेखत कसं सांगायचं? आणि कुठल्या मराठीत? उद्या एकटे असताना सांगू, असं मी ठरवलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशीही ते एकटे नव्हते.

इकडे आबांचा धीर सुटला. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला ती गाडी हवी होती. जुनं इंजिन काढून तो तिच्यात जीपचं डिझेल इंजिन बसवणार होता. पेट्रोल एवढं महागल्यावर असं पुष्कळजण करत. आबा शेडमध्ये येऊन म्हणाले, "हवालदार, रविवारी सांगलीला जातोय. न उकळता पोचली तर गाडी माझी. वाटेत उकळली तर तशीच त्याच्या दारात लावून एसटीनं परत येणार."

हवालदारांनी खिळ्यावरचा पाना काढला, पुसला आणि पुन्हा खिळ्याला लावला.

"मालक, उकळली तर ह्यो पाना तुमचा. पुन्यांदा हातात धरनार न्हाई."

या खेपेला कुणी हसलं नाही. साखर गेली होती, मिशी गेली होती. हा माणूस बोलला की करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हॉटेलवाला हळूच म्हणाला, "आवं, तेवढं नगा बोलू." पण ते बोलून झालं होतं.

रविवारी पहाटेच निघालो. आबा गाडी चालवत होते, शेजारी हवालदार. मागे मी, पावसाच्या पाण्याचे दोन डबे, तांब्या आणि ते लाल फडक्यातलं पुस्तक. मला बरोबर घ्या असं हवालदारांनीच आबांना सांगितलं होतं. "ताईसाब असल्या की गाडी शिस्तीत चालती." पाना त्यांनी मांडीवर ठेवला होता.

पहिले वीस मैल पाण्याच्या उष्णतेचा काटा मधोमध होता. हवालदार दर मैलाला सांगत, "मधी हाय." मी मागून तोटीच्या दिशेला बघत होते, जसं काही मला बॉनेटमधून दिसणार होतं. सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. पण काटा मधे होता. सगळं सुरळीत चाललेलं असताना कशाला बोला, असं मला प्रत्येक वेळी वाटलं, आणि मी स्वतःवर खूश होते म्हटलं तरी चालेल.

विट्याच्या अलीकडे चढाला काटा हलला. मग वर गेला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

रस्त्याकडेला बाभळीखाली थांबलो. विट्याकडे लग्नाला निघालेली दहा-पंधरा माणसं दोन बैलगाड्यांतून उतरून भोवती जमली. त्यांच्यात एकजण लांबच्या कुठल्या शहरात सोनं गाळायचं दुकान चालवणारा होता. सुट्टीवर आलेला, बोटात दोन अंगठ्या. तो म्हणाला, "काका, आमच्या मुशीत एवढी वाफ निघत न्हाई!"

हवालदारांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "ढकला," एवढंच म्हणाले. अंगठीवाल्यासकट सगळ्यांनी मिळून गाडी बांधाच्या चढावर पुढून उंच केली. हवालदारांनी बाभळीकडे नजर टाकली आणि खिशातून घरून आणलेली लिंबाची काडी काढली. गाडी निवेपर्यंत थांबले. फडक्याने झाकण उघडलं. तांब्या, थोडं थोडं पाणी. पाईप दाबला, सोडला, दाबला. बुडबुडा आला. "ढेकर दिला," ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. आबांनी गाडी तिथेच जरा वेगात चालू ठेवली. काटा मधे आला, थांबला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा वर चढू लागला.

आबांनी इंजिन बंद केलं. सोन्यावाल्याचीही थट्टा संपली होती.

हवालदारांनी मांडीवरून सीटवर ठेवलेला पाना उचलला. टॉवेलने पुसला, दोन्ही बाजूंनी, रोज संध्याकाळी पुसायचे तसाच. मग तो दोन्ही हातांवर आडवा धरून आबांपुढे केला.

"घ्या मालक. बोल्लो ते बोल्लो."

आबांचे हात खालीच राहिले. "अहो हवालदार..."

"घ्या म्हनतो न्हवं!"

नंतर काय झालं ते आधीच सांगते, कारण ते सगळं सुखाचं आहे. गाडी त्या दुपारी सांगलीला पोचली आणि काटा वाटेत एकदाही मधला सोडून हलला नाही. तोटी उघडी ठेवायची म्हणून हीटर मात्र सांगलीपर्यंत चालू ठेवावा लागला. मे महिन्याच्या उन्हात हवालदार पुढच्या सीटवर पाय वर घेऊन, मांडी घालून बसले होते, घामाने निथळत, आणि वीसदा तरी म्हणाले, "लय भारी वारं लागतंय!" हळदीच्या व्यापाऱ्याच्या दारात आबांनी गाडी थांबवली, त्याला नमस्कार केला, चहा घेतला आणि गाडी परत घरी आणली. पुढे कॉलेजच्या सुट्ट्यांना मला न्यायला तीच यायची. शेडमध्ये पान्याच्या खिळ्याशेजारी हवालदारांनी दुसरा खिळा ठोकला आणि त्यावर तारेचे ते चार वेढे अडकवून ठेवले. कुणी विचारलं की सांगायचे, "ही माझी चूक हाय. ताईसाबांनी दावली. आन कशी दावली म्हाईत हाय का? माझी लाज माझ्याच धोतरात झाकून दावली." साखर त्यांनी पुन्हा सुरू केली नाही, पण हॉटेलवाल्याने मला 'बातम्या' म्हणायचं बंद केलं. पोथीही पुढे चालू राहिली. एक बदल झाला. इंग्रजी ओळ वाचून झाली की हवालदार आता एक डोळा उघडून विचारायचे, "म्हंजी काय?"

पण त्या क्षणी हे काहीच झालेलं नव्हतं. बाभळीखाली पंधरा अनोळखी माणसं होती, आणि हवालदारांच्या पसरलेल्या हातांवर पाना होता. आबा तो घ्यायला हात पुढे करत होते, कारण आता न घेणं हाही त्यांचा अपमान झाला असता. ती ओळ मी वाचली होती आणि पान उलटलं होतं.

मी गाडीचं दार उघडून खाली उतरले. पहिला शब्द फुटलाच नाही. दुसऱ्या खेपेला एवढा मोठा आवाज निघाला की बैलगाड्यांचे बैलही वळून बघायला लागले.

"हवालदारकाका, पाना देऊ नका, अजून एक काम आहे त्याचं! वारं डाव्या कुशीत बसतं हे तुम्हीच शिकवलंत ना? मग हिची डावी कूस कुठे चोळलीय अजून? ती तार सोडा आधी!"